हौशी आणि कनिष्ठ गटांतील रग्बी प्रशिक्षण : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतील क्रीडाशिक्षक, हौशी प्रशिक्षक आणि पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच विषयाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी काही उत्तरांत दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाळेत रग्बी सुरू करायचे आहे. सात जणांचे शिकवावे की पंधरा जणांचे?

सात जणांचे, म्हणजे सेव्हन्स. यात प्रत्येक संघाचे ७ खेळाडू असतात आणि सामना ७-७ मिनिटांच्या दोन सत्रांत संपतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये हाच प्रकार खेळला जातो आणि आपल्याकडील कनिष्ठ व शालेय स्पर्धांचा भरही त्याच्यावरच आहे. मैदान मात्र पंधरा जणांच्या खेळाएवढेच, म्हणजे जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असते. एवढ्या जागेत अवघे चौदा जण असल्यामुळे अंगबळापेक्षा धाव, पास आणि मोकळी जागा ओळखणे यांना महत्त्व येते. पंधराच्या खेळासाठी स्क्रमच्या (दोन्ही संघांचे खेळाडू वाकून, खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकांना ढकलतात त्या रचनेच्या) पहिल्या फळीचे तयार खेळाडू लागतात आणि ते नव्या क्लबकडे नसतात (प्रश्न ११ पाहावा).

गुण दोन्हीकडे सारखेच आहेत : ट्रायचे (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याचे) ५, त्यानंतर मिळणाऱ्या गोलावरच्या किकचे, म्हणजे कन्व्हर्जनचे २, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे ३. सेव्हन्समध्ये कन्व्हर्जन ड्रॉप किकनेच, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून तो उसळताच मारलेल्या किकनेच घ्यावे लागते आणि ज्या संघाने गुण मिळवले तोच किक मारून खेळ पुन्हा सुरू करतो. पंधराच्या खेळात ही किक ज्याच्यावर गुण झाले त्या संघाकडे असते, त्यामुळे नव्या प्रशिक्षकांचा येथे हमखास गोंधळ होतो.

२. मुलाला कितव्या वर्षी मैदानावर आणावे?

सहा-सात वर्षांचे मूलही टॅग रग्बी खेळू शकते. या प्रकारात कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना दोन फिती लावलेल्या असतात आणि फीत ओढली की टॅकल झाला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडले, असे मानले जाते. अंगाला अंग भिडत नाही. बाजारातील पट्टे महाग वाटले तर वेल्क्रो लावलेल्या कापडी पट्ट्या शिंप्याकडून शिवून घ्याव्यात. फीत नुसती चड्डीत खोचू नये, कारण चलाख मुले ती इतकी आत खोचतात की ओढणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही आणि सगळा तास भांडणात जातो.

प्रत्यक्ष टॅकल कधी सुरू करावा हे वयापेक्षा मुलाची तयारी पाहून ठरवावे. प्रश्न ७ आणि ८ मध्ये याचा तपशील आहे.

३. सुरुवातीला कोणते साहित्य लागेल? हेल्मेटसारखी टोपी घेतली तर डोके सुरक्षित राहते का?

चेंडू, शंकू, टॅगचे पट्टे, दोन वेगळ्या रंगांची जाळीची बनियने आणि टॅकल सुरू झाल्यावर प्रत्येक खेळाडूला स्वतःचा माउथगार्ड, एवढे पुरे. चेंडू वयानुसार घ्यावा : नऊ वर्षांखालील मुलांना ३ क्रमांकाचा, साधारण दहा ते चौदा वयाला ४ क्रमांकाचा आणि त्यापुढे ५ क्रमांकाचा. पूर्ण आकाराचा चेंडू २८ ते ३० सेंटिमीटर लांब, ४१० ते ४६० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्यात ९.५ ते १० पीएसआय इतकी हवा भरतात. पैसे वाचवण्यासाठी सगळ्यांना ५ क्रमांकाचाच चेंडू देणारे क्लब आहेत. लहान हातांत तो मावत नाही, मूल तो पोटाशी कवटाळून धावते आणि पास द्यायला शिकतच नाही, म्हणून ही काटकसर करू नये.

मऊ टोपीने कान आणि टाळू खरचटण्यापासून वाचतात, परंतु मेंदूला बसणारा हादरा तिने थांबत नाही. टोपी घातल्यामुळे मूल अधिक धीटपणे डोके पुढे घालू लागले, तर फायद्यापेक्षा तोटाच होतो.

४. पावसाळ्यात मैदानावर चिखल आणि उन्हाळ्यात दगडासारखी जमीन. सराव केव्हा आणि कसा घ्यावा?

कोल्हापुरात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस ठाण मांडून बसतो, गांधी मैदानासारख्या सखल जागी पाणी साचते आणि शालेय स्पर्धांचा हंगाम मात्र पावसाळा सरण्याआधीच सुरू होतो. त्यामुळे पावसात सराव बंद ठेवणे परवडत नाही. घोट्यापर्यंत चिखल नसेल तर ओल्या मैदानावर टॅकल शिकवणे उलट सोपे जाते, कारण जमीन मऊ असते आणि पडण्याची भीती कमी होते. पासचा सराव करताना पाण्याची बादली शेजारी ठेवून चेंडू मुद्दाम भिजवावा. जे हात ओला चेंडू पकडतात त्यांना कोरड्या चेंडूची अडचण येत नाही. मुसळधार पाऊस असला तर शाळेच्या व्हरांड्यात किंवा सभागृहात चालत्या गतीने तीन चढाई करणारे विरुद्ध दोन बचावपटू असा सराव घ्यावा आणि वीज कडाडू लागली की मुलांना तात्काळ छताखाली न्यावे.

मार्च ते मे या काळात बिनगवती मैदानावर टॅकल घेऊच नये. या दिवसांत सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी धाव, पास, किक आणि टॅगचे सामने घ्यावेत. टॅकलसाठी काय करावे याचे उत्तर प्रश्न ९ मध्ये आहे.

५. पहिल्या महिन्यात नेमके काय शिकवायचे?

चेंडू हातात घेऊन पुढे धावणे आणि तो मागे किंवा समांतर पास करणे, बस्स. ऐकायला हे फारच थोडे वाटते, पण बहुतेक क्लबांची मुले पुढे दोन-तीन वर्षे याच जागी अडकलेली दिसतात, कारण पहिल्या महिन्यात प्रशिक्षकाला टॅकल आणि स्क्रमची घाई झालेली असते.

पास देताना चेंडू दोन्ही हातांत, बोटे पसरलेली, नजर घेणाऱ्याच्या हातांवर आणि पास सुटल्यावर दोन्ही हातांची बोटे लक्ष्याकडे रोखलेली असावीत. घेणाऱ्याने तळवे छातीच्या उंचीवर, चेंडू येणार त्या दिशेला आधीच उघडे ठेवावेत. पास त्याच्या अंगावर न टाकता अर्धा हात पुढे टाकावा, म्हणजे त्याला धाव न तोडता चेंडूवर येता येते. मुलांना पहिल्या दिवसापासून फिरकीचा पास हवा असतो, कारण तो मोबाइलवर पाहिलेला असतो. आमचे मत असे की सहा-सात मीटरचा साधा पास दोन्ही बाजूंना अचूक जाईपर्यंत फिरकीला हात लावू देऊ नये. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे असे दोन्ही पास सारखेच घ्यावेत, नाहीतर संपूर्ण संघ एकाच दिशेला खेळतो आणि समोरच्या संघाच्या ते पाच मिनिटांत लक्षात येते.

वीस मुलांची एक रांग लावून एकेकाला पास द्यायला लावणे हा वेळेचा अपव्यय आहे. चार-चार जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक चेंडू द्यावा. चेंडू कमी असतील तर गट सहाचा करून चार विरुद्ध दोन खेळवावे, पण रांग लावू नये.

६. आमची मुले वेगवान आहेत, पण चेंडू मिळाला की आडवी पळत सुटतात आणि शेवटी रेषेबाहेर जातात. काय करावे?

आडवी धाव ही स्वतःची जागा वाचवते आणि बाहेर उभ्या असलेल्या साथीदाराची जागा खाते. ओरडून ती थांबत नाही, सरावाची चौकट बदलून थांबते. आधी पाच मीटर रुंदीच्या अरुंद पट्ट्यात धावायला लावावे, म्हणजे आडवे पळायला जागाच उरत नाही. त्यानंतर दोन विरुद्ध एक सुरू करावे. कनिष्ठ गटात एकच सराव आयुष्यभर घ्यायचा झाला तर तो हाच घ्यावा.

दहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब चौकट आखावी. एका टोकाला चेंडूवाला आणि त्याच्यापासून पाच-सहा मीटर बाजूला, जरा मागे त्याचा साथीदार उभा राहील. समोरच्या टोकाला एक बचावपटू असेल. चेंडूवाल्याने बचावपटूच्या आतल्या खांद्याच्या रोखाने सरळ वेगात जायचे, त्याला आपल्याकडे वळायला भाग पाडायचे आणि दोन मीटर अंतर उरले की पास सोडायचा. फार आधी सोडला तर बचावपटू सरकून साथीदाराला गाठतो आणि उशीर झाला तर चेंडूसकट पकडला जातो.

पास वेळेवर होता की नाही हे ठरवताना प्रशिक्षकाने पास देणाऱ्याकडे पाहू नये, बचावपटूच्या पायांकडे पाहावे. त्याचे पाय आणि कंबर चेंडूवाल्याकडे रोवली गेली असतील तर पास योग्य होता. तो आधीच बाहेर सरकू लागला असेल तर पास देणे हीच चूक होती आणि चेंडूवाल्याने स्वतः मुसंडी मारायला हवी होती. थोडी सवय झाली की प्रत्येक फेरीपूर्वी बचावपटूच्या कानात सांगावे : या वेळी अंगावर जा, किंवा या वेळी सरक. चेंडूवाल्याला ते ठाऊक नसल्यामुळे त्याला समोर पाहून निर्णय घ्यावाच लागतो. हे जमले की तीन विरुद्ध दोन, मग चार विरुद्ध तीन असे वाढवत न्यावे.

७. आमच्याकडे येणारी मुले कुस्ती आणि कबड्डी खेळून तयार झालेली आहेत. त्यांना टॅकल वेगळा शिकवायची गरज आहे का?

आहे, आणि इतर मुलांपेक्षा जास्त आहे. ज्या मुलाने खासबागेत कुस्त्या पाहत आणि तालमीत जोर-बैठका मारत दिवस काढले, त्याच्या अंगात पकड, तोल आणि धीर हे तिन्ही असतात. पण त्याचबरोबर काही सवयीही असतात आणि रग्बीत त्या धोकादायक किंवा नियमबाह्य ठरतात.

कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटणे हा डाव आहे. रग्बीत खेळाडूला उचलून त्याचे डोके किंवा खांदे जमिनीवर आदळतील असे पाडणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याला थेट लाल कार्डही मिळू शकते. पट काढण्याची हातोटी मात्र फार उपयोगी पडते, कारण खाली शिरून दोन्ही मांड्या आवळण्याची ती सवय योग्य टॅकलच्या अगदी जवळ आहे. फरक डोक्याच्या जागेचा आहे. पट काढताना डोके कुठल्याही बाजूला गेले तरी चालते, येथे ते नेहमी मागच्या बाजूलाच राहिले पाहिजे (प्रश्न ८ पाहावा).

कबड्डीतील पकड खेळणारा चढाईपटू परत फिरण्याची वाट पाहतो आणि मग घोटा किंवा कंबर धरतो. रग्बीत वाट पाहणारा प्रत्येक पावलागणिक मैदान गमावतो, म्हणून बचावपटूने पुढे जाऊन अंतर मिटवायला शिकले पाहिजे. कबड्डीत एकदा धरले की दम तुटेपर्यंत सोडायचे नसते. रग्बीत खेळाडू खाली पडला की टॅकल करणाऱ्याने त्याला तात्काळ सोडून बाजूला व्हावे लागते, न सोडल्यास पेनल्टी बसते. आमच्या भागातील कनिष्ठ संघांना टॅकलनंतर बसणाऱ्या पेनल्टींपैकी बऱ्याच या एका सवयीतून येतात. त्यावर साधा उपाय असा की टॅकलच्या प्रत्येक सरावात ‘धर, पाड, सोड, ऊठ’ हे चार शब्द मुलांना मोठ्याने म्हणायला लावावेत आणि चौथा शब्द होईपर्यंत तो टॅकल मोजू नये. घोटापकडीसाठी झेप घेणाऱ्या मुलाला तर आधीच थांबवावे, कारण धावत्या गुडघ्याचा फटका थेट त्याच्या कपाळावर बसतो.

या मुलांची ताकद आयती मिळालेली असते, म्हणून प्रशिक्षकाला ती आधी वापरण्याचा मोह होतो. ती कुठे जात नाही. पहिले काही महिने तिला बाजूला ठेवून हात आणि नजर तयार करून घ्यावी.

८. टॅकल शिकवण्याचा योग्य क्रम कोणता?

गुडघ्यांवरून उभे राहण्याकडे, स्थिर स्थितीतून चालण्याकडे आणि मग धावण्याकडे. आधी दोन सत्रे नुसते पडायला शिकवावे : चेंडू छातीशी, हनुवटी गळ्याशी, आधी मांडी, मग कूल्हा, मग खांदा जमिनीला लागला पाहिजे आणि हात टेकायचा नाही. टेकलेल्या हाताचे मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडते.

त्यानंतर टॅकल करणारा दोन्ही गुडघ्यांवर बसतो आणि चेंडूवाला त्याच्या एका बाजूने हळू चालत जातो. टॅकल करणाऱ्याने डोळे उघडे आणि मान वर ठेवून आपला खांदा त्याच्या मांडीला लावायचा, गाल त्याच्या कुल्ल्याच्या मागच्या बाजूला चिकटवायचा आणि दोन्ही हातांनी पाय आवळायचे. चेंडूवाला पडला की टॅकल करणारा त्याच्या वर आला पाहिजे. तो खाली आला तर त्याचे डोके चुकीच्या बाजूला होते, हे प्रशिक्षकाने लांबूनही ओळखावे. उजव्या खांद्याने जितके टॅकल तितकेच डाव्याने घ्यावेत, कारण सामन्यात बाजू निवडता येत नाही आणि कच्च्या बाजूने गेलेल्या मुलाचेच डोके पुढे येते.

पुढची पायरी एका गुडघ्यावर, मग ओणव्याने उभे राहून. उभ्याने करताना ज्या खांद्याने टॅकल करायचा त्याच बाजूचा पाय चेंडूवाल्याच्या जवळ पुढे पडला पाहिजे, अन्यथा मूल दुरून हात लांबवते. शेवटची तीन पावले आखूड घ्यावीत. धावत्या टॅकलवर येण्यापूर्वी प्रत्येक मूल आधीची पायरी दोन्ही खांद्यांनी न डगमगता करते आहे याची खात्री करावी. गटातील दोघे-तिघे मागे राहिले तर त्यांना टॅगमध्ये ठेवावे, त्यात कमीपणा नाही. टॅकल बॅग नसेल तर पोत्यात चिंध्या घट्ट भरून काम भागते. वाळू भरू नये.

९. टॅकलचा सराव तालमीच्या हौद्यात घेतला तर चालेल का?

चालेल, आणि उन्हाळ्यात तर तो उत्तम पर्याय आहे. ताक, हळद, तेल आणि लिंबू घालून मळलेली लाल माती पडणाऱ्याला सांभाळून घेते. वस्तादांची परवानगी घ्यावी, त्यांच्या मुलांच्या सरावाची वेळ सोडून जावे आणि पादत्राणे बाहेर काढून, मातीला नमस्कार करूनच मुलांनी हौद्यात उतरावे. तेथे गुडघ्यांवरचे आणि ओणव्याचे टॅकल घ्यावेत. धावता टॅकल हौद्यात बसत नाही, कडेच्या कठड्यावर कोणीतरी आदळते. अनेक जुन्या तालमींत मुलींना प्रवेश नसतो, अशा ठिकाणी सर्वांनाच कुस्तीच्या मॅटवर घेऊन जावे, मुलींना वगळून मुलांचा वेगळा सराव घेऊ नये.

१०. टॅकल झाला की सगळी मुले चेंडूवर ढीग करतात. रक कसा शिकवावा?

चेंडू जमिनीवर असताना दोन्ही संघांचा निदान एकेक खेळाडू पायांवर उभा राहून त्यावर एकमेकांना भिडला की रक होतो. त्यात येणाऱ्याने आपल्या बाजूने, शेवटच्या खेळाडूच्या पायांमागून यायचे असते आणि पायांवर राहायचे असते. इतरांची ऑफसाइडची रेषा आपापल्या शेवटच्या पायाजवळ असते.

मुले ढीग करतात कारण चेंडू तेथे आहे. त्यांना सांगावे की सेव्हन्समध्ये रकमध्ये गेलेला प्रत्येक जण बाहेरच्या फळीत एक भोक पाडून जातो. पाच विरुद्ध पाच खेळवून असा नियम करावा की रकमध्ये प्रत्येक बाजूने एकालाच जाता येईल, दुसरा गेला तर चेंडू समोरच्यांना मिळेल. आठवड्याभरात मुले आत जाण्याआधी मान वर करून मोजू लागतात. पडलेल्या खेळाडूने चेंडू आपल्या संघाकडे हात लांब करून ठेवणे, एवढी एक गोष्ट वेगळी घोटवून घ्यावी लागते. खाली वाकून चेंडू हिसकावण्याचे कौशल्य चौदा वर्षांखालील मुलांना शिकवू नये, कारण त्या स्थितीत मान आणि डोके उघडे पडतात.

११. स्क्रम कधी शिकवायचा? मुले ओढाताणीचा खेळ समजून जोर लावतात.

सेव्हन्सचा स्क्रम तिघांचा असतो : मधे हुकर, दोन्ही बाजूंना प्रॉप. मान सरळ, पाठ सपाट, खांदे कमरेपेक्षा किंचित वर आणि पंचांच्या ‘क्राउच, बाइंड, सेट’ या तीन सूचनांनुसार क्रमाने जुळणे, एवढे जमेपर्यंत जोर लावूच देऊ नये. एकोणीस वर्षांखालील खेळात स्क्रम १.५ मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही. स्क्रमसाठी तयार खेळाडू नसतील तर पंचांना सांगून बिनजोराचा स्क्रम घ्यावा. तो मागण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मानेची दुखापत आयुष्यभर पुरते.

१२. फुटबॉल आणि खो-खो खेळणारी मुले येतात. त्यांच्याकडे काय वेगळे पाहावे?

कोल्हापूर फुटबॉलचे गाव असल्यामुळे शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने पाहत वाढलेली मुले क्लबांत भरपूर येतात. किकची समज आणि मोकळी जागा हेरण्याची नजर ती सोबत आणतात. अडचण अशी की फुटबॉलमध्ये साथीदार चेंडूच्या पुढे धावतो आणि रग्बीत त्याला चेंडूच्या मागे राहावे लागते. ही मुले उत्साहाने पुढे निघून जातात आणि चेंडूवाला एकटा पडतो. त्यांच्यासाठी टॅगच्या सामन्यात असा नियम लावावा की चेंडूवाल्याच्या पुढे गेलेल्याने मागे येऊन प्रशिक्षकाच्या हाताला टाळी देऊनच पुन्हा खेळात यायचे. सैल चेंडू पायाने मारण्याऐवजी त्यावर पडून तो उचलण्याचीही सवय लावावी लागते.

खो-खोची मुले हुलकावणीत पटाईत असतात. त्यांचा दोष आडव्या धावेचा असतो, त्यासाठी प्रश्न ६ पाहावा.

१३. सामन्यात डोक्याला मार लागला, पण मूल ‘मी ठीक आहे’ म्हणते. खेळवावे का?

नाही. शंका आली की बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा आत पाठवू नये. व्यावसायिक सामन्यांत डॉक्टर तपासून खेळाडूला परत पाठवतात ते पाहून पालक वाद घालतात, परंतु ती सोय हौशी पातळीवर नाही. शुद्ध हरपण्याची वाट पाहू नये. शून्यात नजर लावणे, डगमगणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, डोके दुखणे किंवा मळमळणे यांपैकी एक लक्षणही पुरेसे आहे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, दोन-दोन दिसणे, हातापायांत मुंग्या किंवा मानदुखी असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान दुखत असलेल्या खेळाडूला जागचे हलवू नये, सामना थांबला तरी चालेल.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल आणि अभ्यासाचा ताण कमी, त्यानंतर हळूहळू चालणे, धावणे आणि बिनसंपर्क सराव असा क्रम ठेवावा. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार हौशी पातळीवर किमान २१ दिवस सामना खेळू नये, आणि तेही लक्षणे पूर्ण गेली असतील व डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच खेळावे. अंतिम सामना जवळ आहे या कारणाने हा कालावधी कमी होत नाही. क्लबने एक वही ठेवून मार लागल्याची तारीख लिहावी आणि शाळेलाही कळवावे, कारण मूल शाळेच्या संघातूनही खेळत असते.

१४. मुली आणि मुले एकत्र सराव करू शकतात का?

टॅग, पास आणि किक कोणत्याही वयात एकत्र चालतात. टॅकलचे सामने साधारण बारा वर्षांपासून वेगळे असावेत असे आमचे मत आहे, कारण त्यानंतर वजनाचा फरक झपाट्याने वाढतो. टॅकल शिकवताना स्पर्श कुठे आणि का होणार हे मुलींना व त्यांच्या पालकांना आधी सांगावे, प्रात्यक्षिकासाठी प्रशिक्षकाने स्वतः मुलीला धरू नये, दोन मुलींकडून करून घ्यावे. प्रत्येक सरावाला दुसरी प्रौढ व्यक्ती, शक्यतो महिला, हजर असावी आणि कोणत्याही मुलाला किंवा मुलीला प्रशिक्षकाने एकट्याने गाडीवरून घरी सोडू नये. मुलांशी लैंगिक गैरवर्तन झाल्याची माहिती कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, ‘क्लबमध्येच मिटवू’ हा मार्ग कायद्याला मान्य नाही.

१५. खुराक काय असावा?

पैलवानाचा खुराक वजन धरण्यासाठी असतो आणि सेव्हन्सच्या खेळाडूला चौदा मिनिटे पळायचे असते. भाकरी, डाळ, उसळ, दूध, अंडी, केळी हे रोजचे अन्न पुरेसे आहे, पूरक पावडरींची कनिष्ठ गटात गरज नाही. तांबडा-पांढरा रस्सा आदल्या रात्री चालेल, सामन्याच्या सकाळी नको.

१६. चौदा वर्षांचा मुलगा अंगाने थोराड आहे. त्याला मोठ्यांच्या संघात खेळवू का?

सरावात पास आणि टॅगसाठी जरूर, टॅकलच्या सामन्यात नको. अंग वाढलेले असले तरी हाडांची वाढ चालू असते आणि मानेचे स्नायू प्रौढांइतके तयार नसतात. शिवाय थोराड मुलाचे खरे नुकसान वेगळेच असते : आपल्या वयोगटात तो सगळ्यांना ढकलून ट्राय करतो, त्याला पास द्यावाच लागत नाही आणि अठराव्या वर्षी इतर मुले त्याच्या उंचीला आली की त्याच्याकडे काही उरत नाही. अशा मुलासाठी सरावात वेगळा नियम करावा : त्याला एका हाताचा स्पर्श झाला तरी टॅकल मानायचा, म्हणजे त्याला चेंडू वेळेत सोडावाच लागतो.

१७. मी स्वतः रग्बी कधी खेळलो नाही. तरी प्रशिक्षण देऊ शकतो का?

देऊ शकता. वर्ल्ड रग्बीच्या संकेतस्थळावर सुरक्षितता, प्रथमोपचार आणि नियम यांचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, त्यांपासून सुरुवात करून नंतर पहिल्या पातळीचा प्रत्यक्ष प्रशिक्षण वर्ग करावा. वर्गाच्या तारखा आणि शालेय स्पर्धांची नोंदणी यांसाठी राज्य संघटना व जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय यांच्याशी संपर्क ठेवावा. ‘ॲक्टिव्हेट’ हा वर्ल्ड रग्बीचा दुखापत टाळण्यासाठीचा व्यायामक्रम वयानुसार तयार केलेला आहे, नेहमीच्या मैदानाच्या फेऱ्यांऐवजी तो सरावाच्या आरंभी घ्यावा.

१८. आमच्या खेळाडूने छातीच्या उंचीवर टॅकल केला, पण समोरचा ऐनवेळी वाकला आणि हात मानेला लागला. पेनल्टी का?

नियमानुसार खांद्यांच्या रेषेच्या वर टॅकल करता येत नाही आणि सुरक्षित उंची राखण्याची मुख्य जबाबदारी टॅकल करणाऱ्याची असते. समोरचा अचानक वाकला हे पंच शिक्षेची तीव्रता ठरवताना विचारात घेतात, परंतु पेनल्टी सहसा टळत नाही. फ्रान्समध्ये २०१९ पासून हौशी खेळात टॅकलची मर्यादा कमरेपर्यंत आणि इंग्लंडमध्ये २०२३ पासून उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या टोकापर्यंत आणली आहे. कनिष्ठांना आपणही कमरेखालीच शिकवावे, म्हणजे समोरचा एक वीत वाकला तरी हात छातीवरच राहतो. चेंडूवाल्यालाही डोके खाली घालून मुसंडी मारू देऊ नये, त्यात त्याचीच मान जाते. सेव्हन्समध्ये पिवळे कार्ड मिळाले तर खेळाडू २ मिनिटे बाहेर बसतो आणि ७ मिनिटांच्या सत्रात तेवढ्यात सहज दोन ट्राय होतात.

१९. धावत असताना दिलेला पास मैदानावर पुढे पडलेला दिसतो. तरी पंच फॉरवर्ड पास देत नाहीत, हे कसे?

पास पुढे गेला की नाही हे चेंडू हातातून कोणत्या दिशेने सुटला यावरून ठरते, तो जमिनीवर कुठे पोहोचला यावरून नव्हे. वेगात धावणाऱ्याच्या हातातून मागे सुटलेला चेंडूसुद्धा त्याच्या वेगामुळे मैदानाच्या रेषांच्या तुलनेत थोडा पुढे सरकतो. पास देणारा थांबवला गेला नसेल तर चेंडू घेणारा पास देणाऱ्याच्या मागेच राहिला का, हे पाहिले की सहसा उलगडा होतो. टॅकल झाल्यामुळे पास देणारा जागीच थांबला तर मात्र डोळ्यांना तो पास पुढे गेल्यासारखाच दिसतो आणि प्रेक्षकांची आरडाओरड सुरू होते. सरावात पंचगिरी करणाऱ्या प्रशिक्षकाने म्हणून बाजूच्या रेषेवरून, पास देणाऱ्याच्या समांतर धावत हात आणि मनगटांकडे पाहावे. शंका असेल तर कनिष्ठ गटात खेळ चालू ठेवावा. नॉक-ऑनचा निकष वेगळा आहे : तेथे चेंडू हाताला किंवा बाहूला लागून पुढे गेला आणि जमिनीला अथवा दुसऱ्या खेळाडूला लागला एवढे पुरते. समोरच्याची किक हात आडवे घालून अडवताना चेंडू पुढे गेला तर तो नॉक-ऑन धरत नाहीत, खेळ चालू राहतो.